अर्जुन, सेमार आणि मध्यरात्रीची फर्माईश : जावातल्या बाहुल्या गाण्यात कशा शिरल्या

निळी_छत्री

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अडीच वर्षं इंडोनेशियात जोगजाला होतो (कागदोपत्री योग्यकार्ता, पण बोलताना सगळे जोगजाच म्हणतात). पहिल्याच महिन्यात टॅक्सीत बसले होते, भाषा येत नव्हती, रेडिओवर एक रॉक गाणं चालू होतं, आणि त्या सगळ्या न कळणाऱ्या शब्दांत मला स्पष्ट ऐकू आलं, "अर्जुना". मी ड्रायव्हरदादांना खुणेनेच विचारलं, अर्जुन म्हणजे तोच का, महाभारतातला? ते म्हणाले, हो, वायांगमधला. वायांग म्हणजे तिथला चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. मी म्हटलं हा आमच्याकडचा आहे, तर ते खूप खूष झाले आणि म्हणाले, अरे वा, तुमच्याकडेपण वायांग आहे? म्हणजे त्यांच्या दृष्टीने अर्जुन हा आधी बाहुली आहे, मग बाकी सगळं.

ते गाणं देवा नावाच्या बँडचं. मूळचा सुराबायाचा बँड, नाव चौघांच्या आद्याक्षरांवरून केलेलं, पण त्याचा अर्थ तिकडेही देव असाच होतो. २००२ च्या अल्बममधलं हे गाणं. आधी त्याचं नाव 'अर्जुना मेंचारी चिंता' होतं, म्हणजे 'अर्जुन प्रेम शोधतोय'. (चिंता म्हणजे तिकडे प्रेम! आपल्याला दचकायला होतं, पण काही दिवसांनी वाटायला लागतं की बरोबरच आहे.) याच नावाची युधिष्ठिर मासार्दी यांची कादंबरी १९७७ मध्ये आली होती, त्यांनी हरकत घेतली आणि मग गाण्याचं नाव नुसतं 'अर्जुना' झालं. अर्जुनाच्या गाण्यावर युधिष्ठिराने हरकत घेतली!

आता मुद्दा असा की त्या गाण्यात अर्जुन कोण हे कुठेच समजावून सांगितलेलं नाही. गरजच नाही. जावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की अर्जुन म्हणजे सडपातळ, मान किंचित खाली, लांब टोकदार नाक, बारीक डोळे, मृदू बोलणारा आणि जाईल तिथे बायका ज्याच्या प्रेमात पडतात तो. एक नाव घेतलं की सगळा स्वभाव समोर उभा राहतो. पॉप गाणं चार मिनिटांचं, त्याला असं आयतं पात्र मिळालं तर अजून काय हवं?

मला तुम्हा सगळ्यांकडून जाणून घ्यायचंय की आपल्याकडे किंवा इतर कुठे बाहुल्यांच्या खेळातली पात्रं अशी लोकप्रिय गाण्यांत आलीत का? बाहुली हा नुसता शब्द नव्हे, पात्र, नावानिशी.

तबलजी

वाचतोय, फार छान विषय. एक शंका. अर्जुन आपल्याकडेही देखणा आहेच, सुभद्राहरण, उलूपी, चित्रांगदा सगळं आहे, पण मराठी माणसाला अर्जुन म्हटलं की आधी गांडीव आणि गीता आठवते. प्रेम शोधणारा अर्जुन ही तिकडचीच भर आहे का?

निळी_छत्री

@तबलजी, भर म्हणण्यापेक्षा वजन कुठे पडलं त्याचा फरक आहे. बाण तो तिकडेही मारतोच. पण बदलही खूप आहेत हो. तिकडे द्रौपदी फक्त युधिष्ठिराची बायको आहे, पाचांची नाही. आणि आपला शिखंडी तिकडे श्रीकंदी झालाय, चक्क बाई, उत्तम तिरंदाज आणि अर्जुनाची बायको! मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी दोन दिवस शेजारच्या बाईंशी वाद घालत होते की असं नाहीये, आणि त्या शांतपणे हसत होत्या कारण त्यांच्या लेखी मी चुकीची गोष्ट सांगत होते.

श्रीकंदी म्हणजे तिकडे शूर बाईला सरसकट वापरायचा शब्द झालाय. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तीन मुलींनी तिरंदाजीत सांघिक रौप्य मिळवलं, इंडोनेशियाचं ते पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक, आणि त्या तिघींना लोक तीन श्रीकंदीच म्हणतात. घटोत्कच म्हणजे गातोतकाचा, त्याचं नाव त्यांनी स्वतः बनवलेल्या विमानाला दिलं, १९९५ ला उडालं ते. तर अशी ही पात्रं रोजच्या बोलण्यात असतात म्हणून गाण्यात सहज येतात.

मोगरा_मधुरा

किती सुंदर लिहिलंयस गं! श्रीकंदीचं वाचून अंगावर काटा आला. तो खेळ प्रत्यक्ष कसा असतो तेपण लिही ना. आमच्यासारख्या इथे ठाण्यात बसलेल्या लोकांना काहीच कल्पना नाही.

निळी_छत्री

@मधुरा, लिहिते, पण मोठं होईल.

रात्री नऊच्या आसपास सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. लग्न, सुंता, पीक आलं, गावाचा वार्षिक विधी, काहीही निमित्त. पांढरा पडदा, त्याला केलिर म्हणतात, त्याच्या खाली केळीचे आडवे खुंट. बाहुल्या म्हशीच्या चामड्याच्या, बारीक कोरीव जाळी केलेल्या, त्यांना खाली टोकदार काडी असते ती केळीच्या खुंटात खुपसली की बाहुली उभी. डाव्या उजव्या बाजूला पन्नास पन्नास बाहुल्या ओळीने खोचून ठेवलेल्या असतात, ते बघूनच डोळे निवतात. मधे मांडी घालून दालांग बसतो. तो एकटा सगळी पात्रं नाचवतो, सगळ्यांचे आवाज काढतो, गातो, डाव्या हातातल्या लाकडी हातोडीने पेटीवर ठोके देऊन वादकांना इशारे देतो आणि पायाने धातूच्या पट्ट्या वाजवतो. रात्रभर. जागेवरून उठत नाही. मागे गामेलान, म्हणजे काशाची वाद्यं, घंटा, ढोल असा वीसेक माणसांचा ताफा आणि सिंदेन, म्हणजे गाणाऱ्या बायका.

आता गाण्यांची गंमत. पहिल्या भागात दरबार वगैरे झाला की राणीच्या दोन दासी येतात. चांगिक ही म्हातारी, काटकुळी आई, आणि लिम्बुक ही तिची गलेलठ्ठ लग्नाळू मुलगी. या दोघी आल्या की गोष्ट थांबते. लिम्बुक म्हणते, आई मला कंटाळा आलाय, गाणं म्हणूया, आणि मग सिंदेन गायला लागतात. काय गातात? जे हवं ते. जुनं जावानीज गाणं, चालू हिट, डांगडूट (तिकडचा ठेकेबाज लोकप्रिय गाण्यांचा प्रकार). प्रेक्षक चिठ्ठ्या पाठवतात, सोबत नोटा असतात, दालांग लिम्बुकच्या आवाजात चिठ्ठी वाचतो, गावातल्या माणसाची थट्टा करतो, पाहुणे गायक स्टेजवर येतात. मध्यरात्रीनंतर पुन्हा एक असाच टप्पा, गोरो-गोरो. त्यात चार सेवक येतात, सेमार आणि त्याची तीन पोरं, गारेंग, पेत्रुक, बागोंग. हे चौघं महाभारतात नाहीतच, पूर्ण जावाचे स्वतःचे. त्यांच्या तोंडी पुन्हा गाणी, विनोद, भाववाढ, निवडणुका, सगळं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा अकरा वाजता पेंगायला लागले होते, युधिष्ठिराच्या दरबारातली जुनी जावानीज मला काय कळणार, आणि एकदम लिम्बुक आली, मागून ड्रमसेट आणि कीबोर्ड सुरू झाले, आणि शेजारी बसलेल्या सत्तरीच्या आजी टाळ्या वाजवत गायला लागल्या. डिडी केम्पोटचं गाणं होतं. रेल्वे स्टेशन, बस स्टँड, सोडून गेलेलं माणूस अशा विषयांवर त्याची गाणी असतात. २०१९ मध्ये कॉलेजच्या पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं आणि २०२० च्या मे महिन्यात तो गेला. तर ते गाणं एक चामड्याची जाडी दासी खांदे उडवत म्हणतेय आणि तीन पिढ्या सोबत गातायत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की आपण उलट बघत होतो. पात्रं गाण्यात गेली हे नंतर. आधी गाणी पात्रांकडे आली.

सुराबायाकर

धागा बघून खास लॉगिन केलं. मी इथे सुराबायात नऊ वर्षं आहे, यंत्रांच्या कामात. निळी_छत्रींनी सेमारला फार पटकन उरकलं म्हणून लिहितो.

२०१७ मध्ये इथे एका गाण्याने कहर केला होता, 'जारान गोयांग', नेल्ला खारिस्मा नावाच्या मुलीने म्हटलेलं डांगडूट कोप्लो. रिक्षा, ट्रक, लग्न, आमच्या कारखान्याचं कँटीन, कुठेही जा तेच. त्यात एका कडव्याच्या शेवटी 'सेमार मेसेम' असं दोनदा येतं. मेसेम म्हणजे स्मित. सेमारचं हसू. जारान गोयांग आणि सेमार मेसेम ही दोन्ही खरं म्हणजे वशीकरणाच्या मंत्रांची नावं, प्रेमात नकार मिळाला की माणसं ज्यांच्यामागे लागतात ते. म्हणजे गाण्यातली व्यक्ती म्हणतेय की तू मला झिडकारलंस, आता मी सेमारचं हसू वापरते बघ.

सेमार हेच पात्र का? कारण तो दिसायला अगदी ओबडधोबड, वाटोळं पोट, वाटोळं बूड, म्हाताऱ्याचा चेहरा आणि डोक्यावर लहान पोराची शेंडी, डोळा सदा पाणावलेला, बाई म्हणावं की पुरुष तेही कळू नये. सगळ्यांचा नोकर. पण मुळात तो देव आहे, इस्माया, आणि बटारा गुरू म्हणजे आपला शंकर, त्याचा हा थोरला भाऊ. राजे चुकले की त्यांना सुनावतो, देव चुकले तर स्वर्गात जाऊन त्यांनाही सुनावतो. अशा माणसाचं हसू म्हणजे सगळ्यात मोठी जादू, असं जावाच्या लोकांना वाटतं आणि इतकी वर्षं इथे राहून मलाही ते पटलंय.

राजकारणातही हे नाव आलं. ११ मार्च १९६६ च्या ज्या आदेशपत्राने सुकार्नोंकडची सत्ता सुहार्तोंकडे सरकली त्याचं लघुरूप 'सुपरसेमार' असं केलं गेलं. नाव निवडणाऱ्याला पक्कं माहीत होतं लोकांच्या मनात काय उमटणार ते.

तबलजी

@सुराबायाकर, फार छान माहिती. माझा प्रश्न वाजवणाऱ्याचा आहे. गामेलानबरोबर कीबोर्ड कसा लागतो? मी एकदा गामेलान प्रत्यक्ष ऐकलंय, त्याचे सूर आपल्या पेटीत बसत नाहीत.

सुराबायाकर

बरोबर पकडलंत. गामेलानचे सप्तकच वेगळे, स्लेंड्रो पाच स्वरांचं, जवळजवळ सारख्या अंतरांवर, आणि पेलोग सात स्वरांचं. शिवाय प्रत्येक गावच्या संचाचं ट्युनिंग थोडं वेगळं, एका संचातली घंटा दुसऱ्यात चालत नाही. पॉप गाणं घ्यायचं तर दोन मार्ग. एक म्हणजे गाणंच गामेलानच्या स्वरांत वळवून घ्यायचं, गायिका ते बरोब्बर करतात. दुसरा म्हणजे वाद्यं तासून कीबोर्डला जुळणारा संच वेगळा करून घ्यायचा. गुनुंग किदुल या जोगजाजवळच्या दुष्काळी भागातले मांथोस यांनी १९९३ च्या सुमाराला चांपुरसारी नावाचा प्रकार लोकप्रिय केला, चांपुर म्हणजे मिसळ. त्यात गामेलानची काही वाद्यं, कीबोर्ड, बेस गिटार आणि डांगडूटचा ठेका. लिम्बुकच्या वेळी जी गाणी होतात त्यातली पुष्कळशी याच घराण्यातली.

दशावतारी_कुडाळ

मी कुडाळचा, वय वर्षं ६३. निळीताई, तुमचं लिखाण मनापासून आवडलं पण माझ्या मनात जे आलं ते बोलतो, राग मानू नका.

आमच्या पिंगुळीला ठाकर समाजाची मंडळी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी हे तिन्ही करत आली. सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, त्यांनी घरच्या गोठ्यात म्युझियम उभं केलंय. मी लहानपणी देवळात चित्रकथी ऐकलीय, एकेक चित्र पुढे धरून हुडुक आणि टाळावर रामायण सांगायचे, आणि समोर बसलेली बाई रामाला वनवासात जाताना बघून पदराने डोळे पुसायची. आता तुम्ही सांगता तसं मधेच सीतेच्या दासीने सिनेमाचं गाणं म्हटलं असतं तर ती बाई रडली असती का? आमच्या दशावतारात पण हे आलंय, ट्रिकसीन, लाइट, धूर. गर्दी होते, खरं आहे. पण हार्मोनियमवर रात्रभर पदं म्हणणारा माणूस बाजूला पडतो. गर्दी टिकली म्हणजे कला टिकली असं मला वाटत नाही.

निळी_छत्री

काका, राग कसला, तुम्ही जे लिहिलंत तो वाद तिकडेही जोरात आहे. अगदी याच शब्दांत. माझ्या ओळखीचे एक म्हातारे गामेलानवादक होते, ते लिम्बुक आली की वाद्य खाली ठेवून चहा प्यायला जायचे. म्हणायचे, पूर्वी हे थोडक्यात व्हायचं, आता तास तास चालतं आणि त्यासाठी गोष्ट कापतात. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, एका खेळात मी स्वतः बघितलं की गाणी लांबल्यामुळे शेवटचं युद्ध दालांगने घाईघाईत उरकलं.

पण एक माणूस बघा. की नार्तोसाब्दो ('की' ही दालांगच्या नावाआधी लावायची मानाची पदवी). १९२५ चा जन्म, क्लातेनचा, ढोलवादक म्हणून सुरुवात, नंतर जावातला सगळ्यात मोठा दालांग. राहायला सेमारांग शहरात. त्यांनी स्वतः शेकडो गाणी रचली, सोपी, मुलांनाही म्हणता येतील अशी, 'प्राहू लायार' म्हणजे शिडाची होडी, 'गामबांग सुलिंग', त्यातलं गामबांग म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य आणि सुलिंग म्हणजे बासरी, आणि ती खेळात घातली. त्यांनाही लोकांनी नावं ठेवली की गंभीर खेळाचा तमाशा केला. १९८५ ला ते गेले. आज तीच गाणी शाळेत शिकवतात आणि परंपरा म्हणून शिकवतात! म्हणजे कालची भेसळ आज सोवळ्यात जाऊन बसली.

आणि रडण्याबद्दल. मी त्याच खेळात, गाणी संपल्यावर, पहाटे तीन वाजता अभिमन्यूचा मृत्यू बघितलाय. बाणांनी भरलेली ती चामड्याची छोटी आकृती, आणि लिम्बुकला टाळ्या वाजवणाऱ्या त्याच आजी पदराने नव्हे पण ओढणीने डोळे पुसत होत्या. मला वाटतं त्यांना दोन्हीसाठी मनात जागा होती, कारण गाण्यांची जागा ठरलेली आहे. अर्जुन स्वतः कधीच हिट गाणं म्हणत नाही. कृष्ण म्हणत नाही. म्हणतात दासी आणि सेवक. ही शिस्त मोडलेली मी तरी पाहिली नाही.

दशावतारी_कुडाळ

ही शेवटची गोष्ट मला ठाऊक नव्हती. विचार करतो.

चंदेरी_दुनिया

हिंदी सिनेमाचं कोणीच कसं बोललं नाही अजून! 'चोरी चोरी', १९५६. राज कपूर आणि नर्गिस चक्क कठपुतळ्या होऊन नाचतात, 'जहाँ मैं जाती हूँ वहीं चले आते हो', मन्ना डे आणि लताबाई. आणि १९५७ चा 'कठपुतली', शंकर जयकिशनचं संगीत, वैजयंतीमाला. राजस्थानी कठपुतळीचा किती वापर झालाय आपल्याकडे.

निळी_छत्री

@चंदेरी_दुनिया, दोन्ही सिनेमांची गाणी माझी जीव की प्राण आहेत. पण बघ ना, त्यात कठपुतळी आहे, पात्र नाही. राजस्थानच्या भाटांच्या खेळाचा नायक अमरसिंह राठोड, नागौरचा, शहाजहानच्या दरबारात तलवार उपसणारा. त्याचं नाव किती लोकप्रिय सिनेगीतांत आहे? आपल्या गाण्यांना बाहुलीची दोरी हवी होती, बाहुलीचं नाव नको होतं. दोरी कुणाच्या हातात, हाच एक विचार पुन्हा पुन्हा येतो. नशीब, देव, प्रियकर.

मृगजळ_७

इथे एक सुचतं ते लिहितो, मी भाषेचा शिक्षक आहे. दोरीचा विचार आपल्याकडे फार जुना. ज्ञानेश्वरीतही साइखडियाचं बाहुलं येतं, म्हणजे सूत्राने हलणारं. सूत्रधार हा शब्दच बघा, आज पेपरात फक्त गुन्ह्याच्या बातमीत उरलाय, 'कटाचा मुख्य सूत्रधार अटकेत'. जावाच्या बाहुलीला दोरीच नाही असं तुमच्या वर्णनावरून वाटतं, काड्या आहेत. मग त्यांच्याकडे हा अर्थ कशाला चिकटलाय?

सुराबायाकर

@मृगजळ_७, सर, हे वाचून मी खुर्चीतून उठलो. इथे दंगल झाली, घोटाळा झाला की पेपरात काय छापून येतं माहितीये? 'दालांग' कोण ते पोलीस शोधतायत. तंतोतंत तोच उपयोग! बाहुल्या खेळवणारा माणूस दोन्ही भाषांत गुन्ह्यामागचा माणूस झाला. नऊ वर्षं रोज हा शब्द वाचतोय आणि आपला सूत्रधार मला कधी आठवला नव्हता.

मृगजळ_७

बघा म्हणजे. खेळवणारा दोघांनीही बातमीत नेला. पण खेळणारा, म्हणजे ते पात्र, ते त्यांनी गाण्यात नेलं आणि आपण नेलं नाही. याचं कारण मला वाटतं आपल्याकडे राम-अर्जुन हे बाहुल्यांचे असे कधी झालेच नाहीत, ते कीर्तनाचे, पोथीचे, नंतर टीव्हीचे झाले. बाहुली त्यांना फक्त अंगावर घ्यायची. जावात बाहुलीनेच त्यांना चेहरा दिला.

रॉकपाटील

मी जरा युरोपात नेतो, धाग्याच्या विषयातच आहे. क्वीनचं 'बोहेमियन रॅप्सडी', १९७५, त्यातला स्कारामूश! तो इंग्लंडच्या पंच अँड जूडी बाहुल्यांच्या खेळातला आहे, पंच त्याला काठीने मारतो. आणि हे गाणं लिहिणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीला सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच हेक्टिक्स नावाचा त्याचा पहिला बँड. साताऱ्याच्या माणसाला याचा अभिमान वाटतोच.

मारिलियन बँडचं तर गाण्याचं नावच 'पंच अँड जूडी', १९८४. संसाराचा विचका झालेल्या जोडप्याबद्दल आहे. पंच बायकोला काठीने बडवतो हे तिकडे प्रत्येकाला माहीत, म्हणून नुसतं नाव पुरतं. निळी_छत्रीताई अर्जुनाबद्दल म्हणाल्या तेच.

मृगजळ_७

@रॉकपाटील, स्कारामूशबद्दल एक बारीक दुरुस्ती. तो मुळात इटलीच्या कोमेदिया देल्लार्तेमधला, हाडामासाच्या नटांनी केलेला, काळ्या कपड्यातला बढाईखोर. पंचसुद्धा तिथल्याच पुल्चिनेल्लाचा वंशज. सॅम्युएल पेप्सने ९ मे १६६२ ला लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ बघितल्याची नोंद डायरीत केलीय, पंचवाले तीच त्याची जन्मतारीख मानतात. म्हणजे ही पात्रं आधी रंगमंचावर, मग बाहुलीत, मग गाण्यात. पाचगणीचं मात्र अगदी बरोबर.

रॉकपाटील

मान्य सर, धन्यवाद. वंशावळ माहीत नव्हती.

कावेरीकाठ

मी तंजावर मराठी कुटुंबातली, चेन्नईला असते. माझं मराठी तुम्हाला जुनं वाटेल, सांभाळून घ्या.

दशावतारी काकांना एक सांगायचं होतं. तमिळनाडूत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, तोलपावैकूत्तु, करणारे मंडिकर लोक घरात मराठीच बोलतात. तंजावरच्या मराठा राजवटीशी त्यांचं नातं सांगतात. आंध्रात तोलू बोम्मलाटा करणाऱ्यांतही मराठी बोलणारी घराणी आहेत. खेळ तमिळमध्ये नि तेलुगूत, पण पडद्यामागे एकमेकांशी बोलताना मराठी.

मी नागरकोइलजवळ एका देवळाच्या उत्सवात त्यांचा रामायणाचा खेळ बघितला. त्यातही दोन विदूषक असतात, उच्चिकुडुंबन नि उळुवत्तलैयन, एक शेंडीवाला, एक टकल्या. रामायणात यांचं काही काम नाही. ते आले की सिनेमाचं गाणं लागायचं, बाहुली कंबर हलवून नाचायची, पोरं ओरडायची, आणि मग पुन्हा अशोकवन. मी पडद्यामागे गेले, म्हातारा बाहुलीवाला बायकोला "ती दुसरी दे, लवकर" म्हणाला, मराठीत. मला रडूच कोसळलं. मी मराठीत बोलले तर त्याने मला बसायला स्वतःची चटई दिली.

म्हणून काका, दासीने गाणं म्हणायचं आणि रामाने नाही, ही शिस्त आपल्याच भाषेच्या माणसांनीपण पाळलीय, फक्त ती आपल्या गावात राहिली नाहीत.

मोगरा_मधुरा

कावेरीकाठ ताई... काय लिहावं कळत नाही. परत परत वाचतेय.

तबलजी

असेच प्रतिसाद वाचायला इथे येतो. वाचनखूण साठवली.

दशावतारी_कुडाळ

कावेरीताई, चार दिवस उत्तर दिलं नाही कारण लिहायला सुचत नव्हतं. आमच्याकडच्या दशावतारातला संकासुर आठवला. पूर्वरंगात येतो, काळा पोशाख, मालवणीत बोलतो, समोर बसलेल्यांची फिरकी घेतो, गावातलं सगळं त्याच्या तोंडून निघतं, आणि मग मुख्य आख्यान सुरू होतं. म्हणजे जागा आमच्याकडे पण होती. ती आम्ही हल्ली उरकून टाकतो, दहा मिनिटांत. मी ज्या मंडळींवर चिडत होतो त्यांनी धूर आणि लाइट थेट आख्यानात घातले म्हणून मला ते खुपत होतं. हे मला आता नीट कळलं.

पिंगुळी माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. उद्या जाऊन जुन्या माणसांना विचारतो की कळसूत्री खेळात पूर्वी असं कोणी हसवणारं पात्र होतं का, त्याचं नाव काय, आणि ते काय गायचं. निळीताई, त्या जावाच्या जाड्या दासीचा एखादा व्हिडिओ असेल तर पाठवा, त्यांना दाखवीन.

निळी_छत्री

काका, व्हिडिओ भरपूर आहेत. यूट्यूबवर की सेनो नुग्रोहो असं शोधा, जोगजाचे दालांग, त्यांचा बागोंग बघायला तिथली तरुण पोरं रात्रभर जागायची. कोविडमध्ये खेळ बंद पडले तर त्यांनी घरूनच मोजक्या वादकांना घेऊन लाइव्ह करायला सुरुवात केली, त्याला वायांग क्लिमेन म्हणायचे, म्हणजे साधासा. नोव्हेंबर २०२० मध्ये ते अचानक गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. भाषा नाही कळली तरी चालेल. लिम्बुक साधारण पहिल्या दीड तासानंतर येते, ड्रमचा आवाज आला की समजा आली. आणि बागोंगसाठी थेट मधल्या भागात जा, डोळे मोठे, तोंड सतत उघडं, सगळ्यांना उलट उत्तर देणारा.

पिंगुळीत काय कळलं ते याच धाग्यावर लिहा. मी रोज येऊन बघणार आहे.

दशावतारी_कुडाळ

लिहितो. पोराकडून मोबाइलमध्ये ते उतरवून घेतलंय. बागोंग तर थेट आमच्या वाडीतल्या एका माणसासारखा दिसतो.